दुसऱ्या स्क्रीनवरच्या कुरडया

गहू भिजत घातल्याला आज तिसरा दिवस. सकाळी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि तो आंबूस, जरासा नकोसा वास स्वयंपाकघरभर झाला. बाहेरचं माणूस या वासाला नाक मुरडतं. मला मात्र तो आल्याशिवाय उन्हाळा आल्यासारखं वाटत नाही. शाळेत इतकी वर्षं भूगोल शिकवला, पृथ्वीचा गोल फिरवून ऋतू कसे होतात ते पोरांना दाखवलं, पण माझा स्वतःचा उन्हाळा आजही पातेल्यातूनच येतो. नाशिक-पुणे रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर दिसेनासे झाले, प्रवरेच्या पात्रातले दगड वर आले आणि गल्लीतल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या गेल्या की समजायचं, वाळवणाचे दिवस आले.

आणि वाळवणाचे दिवस आले की हल्ली मला कुरडईच्या आधी कॉम्प्युटर आठवतो. माझ्या वयाच्या बाईनं असं म्हटलं तर लोक हसतील. हसू देत. आमच्या मागच्या खोलीत ओंकारचा तो मोठा काळा डबा आणि त्याच्यासमोरच्या दोन स्क्रीन अजून तशाच आहेत. ओंकार, आमचा एकुलता एक, नोकरीसाठी जर्मनीत असतो. खोलीत आता मी धान्याच्या कोठ्या ठेवते. पण टेबलाला हात लावत नाही. केर काढताना त्याच्याभोवतीनं काढते.

जर्मनीला जायच्या आधी, काही वर्षांपूर्वी, एक अख्खा उन्हाळा ओंकारनं घरी काढला होता. इंजिनिअरिंग संपून वर्ष होत आलं होतं. नोकरी कॉलेजातूनच लागली होती, पेढे वाटून झाले होते, पण कंपनी रुजू व्हायची तारीख काही देईना. आज देऊ, उद्या देऊ. गल्लीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न, ओंकार अजून घरीच का? मग तो बाहेर पडेनासाच झाला. मागच्या खोलीत कूलर लावायचा, कानांवर ते मोठे हेडफोन चढवायचे आणि मित्रांबरोबर गेम खेळत बसायचं. त्याचे बाबा चिडायचे. मी नाही चिडले. पोरगं बारावीनंतर जे हॉस्टेलवर गेलं ते पाहुण्यासारखंच घरी येत होतं. ते आता दिवसभर घरात आहे, जेवायला हाक मारली की ओ देतंय, याचा मला चोरटा आनंद होता. त्याची तारीख लवकर येऊ दे म्हणून मी देवापुढे दिवा लावायचे आणि मनात म्हणायचे, पण वाळवण होऊन जाऊ दे आधी.

कॉम्प्युटर त्यानं स्वतः जुळवलेला. एका बाजूला काच, आत निळे-जांभळे दिवे, गरगर फिरणारे पंखे. दसऱ्याला त्याची पूजा करताना हळद-कुंकू नेमकं कुठं लावायचं हा प्रश्न मला पडला होता. त्यातला सगळ्यात मानाचा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गेममधलं चित्र रंगवायचं सगळं काम तेच करतं, सेकंदाला जितकी जास्त चित्रं काढेल तितका खेळ सुळसुळीत चालतो, आणि त्या चित्रांना फ्रेम म्हणतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा सतत हलत असायचा. तो फ्रेमचा आकडा. तो वर असला की साहेब खुशीत. घसरला की खेळ अडखळायचा, गडी मरायचा आणि ओंकारचा जबडा आवळला जायचा. पाकाच्या तारेवर नजर ठेवावी तशी मी त्या आकड्यावर नजर ठेवायला शिकले.

स्क्रीन दोन होत्या. एक नवी, रुंद, खेळायची. दुसरी जुनी, जवळजवळ चौकोनी. त्याचे बाबा दूध संघात होते, तिथून भंगारात निघालेली ती त्यांनी उचलून आणली होती. तिच्या पाठीवर अजून पांढऱ्या रंगानं टेबल नंबर लिहिलेला आहे. त्या स्क्रीनवर ओंकार मित्रांचे मेसेज वगैरे ठेवायचा. ती माझी कशी झाली ते सांगायला हवं.

वाळवण करणं सोपं, राखणं अवघड. पहाटे चीक शिजवून सोऱ्यानं कुरडया घालेपर्यंत हात भरून येतात, पण ते काम चार बायकांत हसत-खिदळत उरकतं. खरी परीक्षा पुढे. कावळे, साळुंक्या, खारी आणि दुपारची वावटळ, यांच्यासाठी दिवसभर कुणीतरी गच्चीवर बसायलाच लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. एका दुपारी मी ऊन लागून खाली आले आणि तशीच ओंकारच्या खोलीत फरशीवर आडवी झाले. त्यानं गेम मध्येच सोडला, पाणी दिलं, कपाळावर ओला टॉवेल ठेवला आणि जरा रागानंच म्हणाला, उन्हात बसून कावळे कसले हाकतेस.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपला जुना मोबाइल गच्चीवर नेला, सोलरच्या पत्र्याखाली सावलीत तारेनं घट्ट बांधला आणि खाली येऊन काहीतरी टकटक केलं. दूध संघाच्या स्क्रीनवर माझी गच्ची उमटली. पिवळी साडी, तिच्यावर ओळीनं माझ्या कुरडया, कोपऱ्यात पाण्याची टाकी. रोज पाहते ती गच्ची, पण टीव्हीत आपल्याच घरचं लग्न दाखवावं तशी मी बघतच राहिले. कावळे हाकायची सोयही त्यानंच केली. मागच्या खोलीच्या खिडकीतून एक नायलॉनची दोरी वर नेली, तिच्या टोकाला जुनी स्टीलची थाळी आणि डाव टांगला. खालून दोरी ओढली की वर ठणाणा. कावळा उडायचा, तो उडालेला स्क्रीनवर दिसायचा, आणि मायलेकरं हसायचो. शेजारच्या वहिनी मुद्दाम येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, इंजिनिअर केल्याचं सार्थक झालं.

मग मी माझा वेताचा मोडा त्याच्या खुर्चीला लावून बसायला लागले. त्याच्या समोर त्याचं रण, माझ्यासमोर माझं. मांडीवर चिंच फोडायला घ्यायची, नाहीतर शेंगदाणे निवडायला. कूलरमधल्या वाळ्याचा वास, पंख्यांची घरघर, पन्ह्याचा पेला. चीक शिजवला त्या दिवशी वाटीत गरम चीक, वर तेल-तिखट, आणि तो एका हातानं माउस धरून दुसऱ्या हातानं खायचा. कीबोर्डवर सांडायचा. मी ओरडायचे. कधी माझा डोळा लागला की तोच दोरी ओढायचा आणि म्हणायचा, आंधळं दळतंय आणि कावळं पीठ खातंय.

कावळा राखणाऱ्या बाईची नजर तयार असते. एकदा माझी नजर सहज त्याच्या स्क्रीनवर गेली आणि मी म्हटलं, अरे, त्या पडक्या भिंतीमागं काहीतरी हललं. तो म्हणाला काही नाही तिकडे. आणि तिकडूनच गोळी आली. त्यानंतर तो अडला की विचारायला लागला, आई, बघ गं, कुठंय? हेडफोनमध्ये त्याचा घोडेगावचा मित्र अमोल ओरडत असायचा. ओंकार त्याचं बोलणं मला सांगायचा, अमोल म्हणतोय काकूंना टीममध्ये घ्या, तुला काढा. मला वाटतं, वर्गाबाहेर एखाद्या मुलांच्या टोळीत मला पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

समोरासमोर बसलं की मुलं बोलत नाहीत, हे मला शाळेत कळलं होतं. घरात कळलं ते त्या उन्हाळ्यात. शेजारी बसलं, दोघांची तोंडं भिंतीकडे असली, की बोलतात. एका दुपारी गेम चालू होण्याची वाट बघता बघता, स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, ‘आई, तारीख आलीच नाही तर?’ मीही माझ्या स्क्रीनकडे बघतच म्हटलं, ‘नाही तर नाही. कावळे हाकायला माणूस लागतोच.’ तो हसला. मग थोड्या वेळानं म्हणाला की रात्री झोप लागत नाही. कॉलेजातली कुणी मुलगी होती, तिला नोकरी लागली आणि आता ती फोन उचलत नाही, हेही असंच एकदा कडेकडेनं कळलं. मी सल्ला दिला नाही. एक साळुंकी आली होती, तिला उडवली. त्या मोड्यावर बसून मला माझं पोरगं जेवढं कळलं तेवढं त्याच्या आधी कळलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

आता पांघरुणाचं. आमच्या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सरला झगा, फ्रीजच्या मुठीला मोजा, टीव्हीवर रुमाल, शिलाई मशिनला टोपरं. हे एकदा म्हणाले, मी जरा वेळ स्वस्थ बसलो तर माझ्यावरही घालशील. वाळवणाच्या दिवसांत धूळ किती येते ते गच्ची झाडणाऱ्याला विचारा. ओंकारचा एवढा जिवापाड जपलेला डबा तसाच उघडा बघून मला कसंतरीच व्हायचं. मी त्याच्यासाठी क्रोशाचं पांघरूण विणायला घेतलं. पांढरा दोरा, लाल किनार, वरून टोपीसारखं चढवायचं, मागे अर्ध्यापर्यंत उतरणारं. जाळीतून धूळ जाईल म्हणून आतून मांजरपाटाचं अस्तरही लावलं. त्याच्या शेजारी मोड्यावर बसूनच ते पुरं केलं. चढवलं तेव्हा ओंकार क्षणभर नुसताच बघत राहिला. मग म्हणाला, ‘भारी झालंय गं.’ कधी कधी सकाळी केर काढताना ते मागे सारलेलं दिसायचं. सरकलं असेल म्हणून मी परत नीट बसवायचे, चारी कोपरे ओढून.

त्याच सुमारास हिरवा आकडा घसरायला लागला. सकाळी बरा असायचा, खेळ रंगात आला की धपकन खाली. ओंकारचे गडी मरायला लागले. मी बघत होते. तो माझ्यावर चिडला नाही, एकदाही नाही, पण खेळताना बोलेनासा झाला. एका दुपारी मी शेजारीच बसले होते, त्याच्या कानावर हेडफोन होते, तिकडून अमोल काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं. ऐकू आलं ते ओंकारचं. तो म्हणाला, ‘नाही रे, ते नाही. दुसऱ्या स्क्रीनमुळं पडतायत फ्रेम. सोड ना आता.’

दुसरी स्क्रीन म्हणजे मी. माझी गच्ची, माझ्या कुरडया. त्याच्या कार्डानं त्याचं रण रंगवायचं की माझे कावळे? मला राग आला नाही. उलट वाटलं, बिचारा किती दिवस गप्प राहिला. एवढ्या एका गोष्टीत त्याला आता जिंकता येत होतं, नोकरीचं तर सगळं लटकलेलंच, आणि तिथंही आपण पाय अडकवून बसलो आहोत. आईला पोराचं मन कळतं, असा एक गर्व असतो आम्हा बायकांना. त्या गर्वापोटी मी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोडा उचलला, जुनी काळी छत्री घेतली आणि गच्चीवर गेले. त्याला म्हटलं, खाली कोंडल्यासारखं होतं, करमत नाही, वर वारा असतो. तो मान वर करून बघत राहिला. बरं, म्हणाला. ऊन लागेल, असंही म्हणाला. मी म्हटलं, छत्री आहे की. आता तो स्क्रीन बंद करेल, आकडा वर जाईल, असं मनाशी ठरवून मी जिना चढले. त्यागाचं एक समाधान असतं. ते दोन दिवस पुरलं.

वर कसला वारा. टाकीच्या सावलीत मोडा ठेवायचा, सावली सरकली की आपण सरकायचं. समोर साडीवर कुरडया कडक होत चाललेल्या, खालच्या रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटा. एकटीनं बसलं की दुपार संपत नाही. खालून त्याचा आवाज यायचा अधूनमधून, खेळतानाचा, पण पूर्वीसारखा चढा नाही. आणि मध्येच थाळी वाजायची. ठण ठण. मी दचकून बघायचे तर एकही कावळा नाही. मी कठड्यावरून वाकून ओरडायचे, अरे कावळा नाहीये, मी आहे ना वर. थोड्या वेळानं पुन्हा ठण ठण. मला वाटायचं, हाताला चाळा म्हणून ओढतोय. एकदा तर वैतागून मी डाव दोरीतून काढून बाजूला ठेवला. त्यानंतर थाळी नुसतीच हलायची, वाजायची नाही. मग दोरीही हलेनाशी झाली.

वाळवण डब्यांत भरलं आणि दोन-तीन आठवड्यांत ओंकारची तारीख आली. आधी बंगळुरू, मग तिकडून जर्मनी. निघायच्या गडबडीत बोलणं झालं ते बॅगेचं, लोणच्याच्या बरणीचं, चार्जरचं. फोन रोज येतो. समोरासमोर येतो, चेहरा दिसतो, आणि म्हणूनच की काय, आम्ही एकमेकांना सगळं ठीक आहे एवढंच सांगतो. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. आकडा वर-खाली होताना बघून त्याच्या मनातलं ओळखायची माझी विद्या तिथं काही कामाची नाही.

परवा अमोल आला. त्याला मी फोटोत पाहिलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच. घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो, तिथं त्याचे वडील म्हशींचा व्यापार करतात आणि हा गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. ओंकारनंच सांगितलं होतं, कार्ड पडून पडून खराब होईल, अमोलला देऊन टाक, तो वापरेल. मी चहा ठेवला. तो आत गेला, टेबलापाशी उभा राहिला आणि पांघरुणाकडे बघून हसायला लागला.

‘काकू, हे तेच हाय का?’

मी म्हटलं, तेच म्हणजे?

‘ह्याच्यापायी आमी लई मॅच हारलोय,’ तो म्हणाला. आणि हसत हसतच, काही लपवण्यासारखं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं, त्यानं सगळं सांगितलं. कॉम्प्युटरच्या आतली गरम हवा वरच्या जाळीतून आणि मागून बाहेर पडते. तिथंच माझं पांघरूण, अस्तरासकट. कार्ड तापायचं. तापलं की जळू नये म्हणून ते आपणहून सावकाश चालतं, म्हणून फ्रेम पडायच्या. ओंकारला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. सगळे मित्र हेडफोनमध्ये त्याच्या मागे लागले होते, ते झाकण काढ म्हणून.

मी विचारलं, आणि दुसरी स्क्रीन? तिच्यामुळं नाही?

‘ती असून असून किती खाईल, काकू? दोन-चार फ्रेम. कळत बी न्हाई.’ त्यानं पांघरूण उचलून नीट घडी केली आणि माझ्या हातात दिलं. ‘मी एकदा लईच धरलं त्याला, ते काढ म्हनून, तवा म्हनला, दुसऱ्या स्क्रीनमुळं पडत्यात. आन् लगेच मेसेज टाकला मला. आई शेजारीच बसलीय, तिनं विणलंय, गप बस.’

म्हणजे मी शेजारी होते म्हणून तो तसं बोलला होता. माझ्यासाठीच खोटं बोलला होता, आणि ते मी खरं धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली, आणि संन्यासी मीच होते. मी स्वतःला खोलीतून काढून घेतलं आणि पांघरूण तिथंच ठेवलं. वर जाण्याआधी त्याचे कोपरेही ओढून नीट केले असतील.

पण मी वर गेल्यावर स्क्रीन तर बंद झाली असेल, मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. निदान तेवढं तरी कामी आलं असावं, असं वाटत असेल.

अमोल स्क्रू काढत होता. तो म्हणाला, ‘बंद कुठं केली त्यानं? तुमीच दिसायच्या ना तिच्यावर. छत्री घेऊन बसल्याल्या. त्यो तुमालाच बघत बसायचा आन् आमी हिकडं मरायचो. म्हनायचा, आईला खाली कंटाळा आला बहुतेक माझा.’

चहा उतू गेला होता. मी गॅस बंद करायला गेले आणि ओट्यापाशी तशीच उभी राहिले. रडू आलं. पोर तिकडे सुखात आहे, नोकरी चांगली आहे, कुणी कुणाला वाईट बोललं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. तरी रडू आलं. त्या उन्हाळ्यातले मोड्यावरचे जेमतेम काही दिवस माझ्या वाट्याला आले होते आणि उरलेले मी स्वतःच्या हातानं, समजूतदारपणा म्हणून, उन्हात नेऊन वाळत घातले. एवढंच विचारायचं होतं, का रे, माझी अडचण होते का? तो नाही म्हणाला असता. शाळेत आयुष्यभर पोरांना सांगत आले, शंका असेल तर हात वर करा.

अमोल कार्ड टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना त्यानं पंख्यांतली धूळ ब्रशनं काढून दिली. मी त्याला कुरडयांचा डबा दिला, गेल्या वर्षीच्या होत्या पण कडक होत्या. फाटकापाशी तो म्हणाला, ‘काकू, तुमची नजर लई भारी हुती. आमी अजून काढतो तुमचं नाव.’

काल दिवसभर मी काही केलं नाही. कुरडया उद्याच्या आहेत, पण गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या होत्या, त्यांच्याकडेही फारसं लक्ष गेलं नाही. आज दुपारी ओंकारचा फोन आला. सुट्टी होती त्याला, तिकडे अजून सकाळ होती, तो गॅलरीत कॉफी घेऊन बसला होता. मी फोन घेऊन मागच्या खोलीत गेले. समोरासमोर बोलायला नको वाटलं, म्हणून फोन दुसऱ्या स्क्रीनला टेकवून उभा केला, मोडा ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानं विचारलं, अमोल आला होता का. आला होता, म्हटलं. कार्ड नेलं का. नेलं.

शेवटी मी म्हटलं, ‘मला कंटाळा आला नव्हता रे तुझा.’

त्याला कळलं. कशाबद्दल, असं त्यानं विचारलं नाही. कॉफीचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मी जे इतक्या वर्षांत विचारायचं राहिलं होतं ते विचारलं. ‘कावळा नसताना तू थाळी का वाजवायचास?’

‘तू खाली यावंस म्हणून,’ तो म्हणाला.

‘मग हाक मारायची.’

‘तूच म्हणालीस ना, खाली करमत नाही.’

खिडकीच्या गजाला दोरीचं टोक अजून बांधलेलं होतं. वर थाळी आहे, तिच्याशेजारी डावही मी कधीतरी परत अडकवला होता. त्याला म्हटलं, थांब, ऐक. फोन खिडकीशी धरला आणि दोरी ओढली. इतक्या उन्हाळ्यांत नायलॉन पार करकरीत होऊन गेलं होतं. काही वाजलं नाही, दोरीच तुटून सळसळत खाली आली आणि माझ्या पायाशी पडली.

‘वाजली?’ त्यानं विचारलं.

‘नाही रे. तुटली.’

‘असू दे. दिवाळीला आलो की नवी बांधतो,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात त्या उन्हाळ्यातला उत्साह होता. कुठली दोरी आणायची, कशी बांधायची, तेही सांगायला लागला. मी हो हो म्हणत ऐकत राहिले. दिवाळीत गच्चीवर काही वाळत नसतं, हे मी त्याला सांगितलं नाही.